माईच्या नावाची झबली

माईला शाळेत घातलं ते मास्तरांनी मागच्या जन्मी काहीतरी पाप केलं असणार म्हणून, असं तिचा बाप म्हणायचा. दोन-तीन इयत्तांतच पाटी सुटली. जीभ मात्र तोवर परजून तयार झाली होती. सुई हातात आली ती पुष्कळ पुढं, काकांचा छापखाना बंद पडला तेव्हा.

काका म्हणजे माईचे यजमान. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची म्हणून आपणही म्हणू. छापखाना बंद झाल्यावर ते खुर्चीत बसून भिंतीकडं बघायचे. माई म्हणायची, "भिंतीवर काही छापून आलं तर मला वाचून दाखवा."

तेव्हाच शेजारणीला अपुऱ्या दिवसांचं बाळ झालं. एवढंसं, मुठीत मावेल असं. बाजारातलं कुठलंही झबलं घाला, काखेत आणि मानेवर लाल रेघा उठायच्या. माईनं ते झबलं काढून उलटसुलट करून पाहिलं.

"गुळगुळीत बाजू बघणाऱ्यांना आणि खरखरीत बाजू बाळाला. हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं गं?"

तिनं तेच झबलं उलटं करून बाळाला घातलं, आणि बाळ झोपलं. मग तिनं स्वतःच एक शिवलं. शिवण बाहेरच्या अंगाला, शिवणीवर पातळ रंगीत गोट, बटणाच्या जागी मऊ बंद. त्या एका झबल्यापायी पुढची खोली गेली ती गेलीच. जुनं पायमशीन आलं, कापडाचे तागे आले, पाहुण्यांची बैठक मोरीशेजारी सरकली.

माईची कामाची रीत ठरलेली. कोरं कापड आधी कढत पाण्यातून काढून काढून त्याची सगळी मस्ती जिरवायची. आटायचं तेवढं आटून घे म्हणावं, माझ्या दारात आट, बाळाच्या अंगावर नको. मग कटिंग, मग शिलाई. शेवटी प्रत्येक शिवण खालच्या ओठावरून फिरवायची. बोटांवर तिचा भरवसा नव्हता. बोटं शिवून शिवून निबर झाली होती. ओठाला जरा कुठं टोचलं की टीप उसवायची, मग दारात गिऱ्हाईक उभं असो नाहीतर गिऱ्हाइकाचा बाप.

इस्त्री काकांकडं. आयुष्यभर कागद सरळ लावले, आता झबली लावायची. गल्लीतले म्हणायचे, काकांना बढती मिळाली. काका हसायचे. त्यांना कुणी काही म्हणालं तरी ते हसायचेच.

अशा रीतीनं घर चाललं. नुसतं चाललं नाही, पळालं. लेकीचं शिक्षण झालं, लग्न झालं. ही एकुलती एक लेक, बेबी. तिशी उलटली, डोक्यात पांढरा केस आला, तरी बेबीच. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि नवऱ्याच्या पगारावर विसंबून राहायला तयार नव्हती. हे माईला फार आवडायचं. आपलं रक्त दिसतंय, म्हणायची.

बेबीनं धंद्यासाठी वेगळा फोन घेतला, त्यावर झबल्यांचे फोटो टाकले, मोठ्या दुकानात माल ठेवायची सोय केली. आणि एक दिवस म्हणाली, "आई, आपल्या मालावर लेबल पाहिजे."

"लेबल मानेला टोचतं."

"मानेला नाही गं. बाहेर दोऱ्यानं लटकवायचं, कागदाचं. घालताना काढून टाकायचं."

"कशाला? माझी शिवण ओळखत नाहीत लोक?"

"जे ओळखतात त्यांच्यापुरताच धंदा करायचाय का तुला?"

बेबीनं लेबल छापून आणलं. त्यावर माईचा हसरा फोटो, खाली 'माई' असं मोठ्या अक्षरात. माईनं चष्मा लावून बघितलं नि म्हणाली, "बाळं घाबरतील." पण एक लेबल तिनं मशीनच्या खणात जपून ठेवलं.

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी बांधून पडून राहावं लागलं, आणि त्या काळात बेबीनं सगळं अंगावर घेतलं. पट्टी सुटल्यावरही म्हणाली, "तू फक्त शीव, आई. गिऱ्हाइकांची किटकिट नको तुला. झालेला माल मी घेऊन जात जाईन." माईनं अख्ख्या गल्लीला ऐकवलं, "लेक असावी तर अशी. नाहीतर लोकांच्या लेकी माहेरी येतात त्या पिशव्या भरायला." पिशव्या तर बेबीही भरून नेत होती. पण त्या मालाच्या.

असं सगळं झकास चाललेलं असताना एका सकाळी सलूनवाल्याची सून दारात आली. कोपऱ्यावरच्या सलूनच्या मागच्याच खोलीत त्यांचं घर. काखेला तिचं चार महिन्यांचं पोर, हातात एक झबलं, आणि चेहरा असा की भांडायला आलेय पण कुणाशी ते कळत नाही.

"माई, रागावू नका. पण हे बघा."

तिनं पोराचा हात वर केला. काखेत लाल वळ, कुणी नखानं ओढल्यासारखा. माईनं आधी पोराला घेतलं, काखेत हळूच फुंकर घातली, मग झबलं उचललं आणि शिवण ओठाला लावली. लगेच ओठ मागं घेतला.

"हे माझं नाही."

"असं काय म्हणता? दुकानातनं घेतलंय. तुम्हाला सारखा त्रास नको म्हणून तिकडंच घेतलं."

"अगं, शिवण आत आहे. आतून इंटरलॉक मारलंय, तेही नायलॉनच्या दोऱ्यानं. कापड पाण्यातून काढलेलंच नाही. कितीदा धुतलंस?"

"दोनदा."

"आणि एवढं आखडलं! मी मेले तरी असलं शिवणार नाही. कुणाचं तरी आणून माझ्या गळ्यात मारू नकोस."

सून बिचारी गोरीमोरी झाली. तिनं खिशातनं लेबल काढलं. जपून ठेवलं होतं तिनंही. लेबलावर माई हसत होती.

आता माई पेटली. "म्हणजे चोर! माझं तोंड छापून कुणीतरी बाजारात धंदा मांडलाय! ऐकलंत का हो?"

काका आत इस्त्री करत होते. ते तिथूनच म्हणाले, "जाऊ दे ना. एखादं असतं असं."

"एखादं असतं? उद्या तुमचं तोंड छापून कुणी दारू विकली तर एखादं असतं म्हणाल?"

"आधी बेबीला विचार तरी."

"बेबीला कशाला त्रास? मी आहे ना अजून." सुनेला तिनं स्वतःच्या हातची दोन झबली दिली, चांगले कपडे घातले आणि निघाली. काका दारापर्यंत आले. काहीतरी बोलणार होते, पण नुसतंच म्हणाले, "ऊन आहे."

दुकान मोठं, काचेचं. दुकानदारानं तिला बघितलं नि हात जोडले. "या या, माई! फोटोतली माणसं चालत यायला लागली की!"

गिऱ्हाइकं हसली. माईनं ते झबलं काउंटरवर आदळलं. "हे कुणी दिलं तुम्हाला?"

"म्हणजे? तुमचंच की. ताई स्वतः आणून देतात, गठ्ठेच्या गठ्ठे. मी तर घरी सांगतो, या वयात माईंनी काय सपाटा लावलाय!"

ताई म्हणजे बेबी. दुकानदार तिला ताई म्हणायचा.

माईनं मागच्या फळीकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत झबली. निळी, पिवळी, पांढरी, आणि प्रत्येकावरनं माई हसतेय. तिनं हात लांब करून एक ओढलं. शिवण आत. दुसरं ओढलं. आत. तिसऱ्याला हात लावायची गरज राहिली नाही.

चोर सापडला होता. तिच्या जिभेवर आला होता. पण दुकानात गिऱ्हाइकं उभी होती आणि सगळी तिच्या तोंडाकडं बघत होती. माई अशा जातीची बाई होती की घर फुटलं तर चालेल, त्याचा आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. काकांचा छापखाना बंद पडला तेव्हासुद्धा गल्लीला कितीतरी दिवस वाटत होतं की ते रजेवर आहेत.

"हो, माझंच," ती म्हणाली. "माल कसा मांडलाय ते बघायला आले होते."

"मग आदळलंत केवढ्यानं!"

"माशी होती."

दुकानदार खो खो हसला. तेवढ्यात एक पोट पुढं आलेली तरुण बाई जवळ आली. तिच्यामागं तिची सासू. सासू एवढी उंच की टांगलेल्या टोपड्यांखालून तिला वाकून यावं लागलं.

"तुम्हीच का माई?" पोटुशी म्हणाली. "माझी जाऊ म्हणते, घेशील तर माईंचंच घे. ही चांगली आहेत ना हो? माझं पहिलंच आहे."

माईची जीभ आयुष्यात कधी अडली नव्हती. मास्तरांसमोर नाही, सासूसमोर नाही, घरमालकासमोर नाही. ती तिथं अडली. फार नाही, एक आवंढा गिळण्याएवढीच. मग तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "चांगली आहेत."

"बघा, सासूबाई. माई स्वतः म्हणाल्या. आता काय बघायचंय?" तिनं फळीवरची तीन उचलली. माई बघत राहिली. पिशवीत गेली तिन्ही. उंच सासूनं जाता जाता माईकडं बघून मान लववली. देवळात लववावी तशी.

घरी येऊन माईनं बेबीला फोन लावला आणि एकच शब्द बोलली, "ये."

बेबी आली ती हसतच. खुर्चीवर ते आखडलेलं झबलं बघितलं, तेव्हा हसू गेलं. पण घाबरली म्हणावं तर तसंही नाही. जणू बस कधी येणार याचीच वाट बघत होती आणि आली एकदाची.

"आई, आधी ऐकून घे."

"ऐकतेय. कान शाबूत आहेत. डोळेच तेवढे बिघडले होते."

"तेव्हाच तर झालं हे. तुझ्या डोळ्यांवर पट्टी, आणि दुकानाची ऑर्डर घेऊन बसले होते मी. नाही म्हटलं असतं तर जागा गेली असती. गावाबाहेर एका शेडमध्ये बायका शिवतात, त्यांच्याकडून करून घेतलं. म्हटलं, तेवढ्यापुरतं."

"आणि मग?"

"मग तो माल खपला. आई, एक झबलं परत आलं नाही. कुणाला काही कळलं नाही."

"कुणाला कळलं नाही म्हणजे? बाळाला कळलं."

"शंभरात एखाद्याला होतं तसं. त्याचं अंगच नाजूक असेल."

"ही सगळी खोली त्या नाजूक अंगावर उभी आहे, बेबी! तुझं लग्न त्याच्यावर झालंय!"

"आणि माझं घर कशावर चाललंय? तू दिवसभरात किती शिवतेस? एक शिवण ओठाला लावतेस, उसवतेस, परत शिवतेस. दुकानदार विचारतो, उरलेला माल कधी? त्याला काय सांगू, थांबा, आईचा ओठ अजून हो म्हणाला नाही?"

काका आतल्या दारात येऊन उभे राहिले होते. हातात इस्त्री केलेला लंगोट. माई त्यांच्याकडं वळली. "ऐकताय ना? तुमची लेक माझं तोंड विकतेय."

काका काहीच बोलले नाहीत. बायको चिडली की ते एरवीही बोलत नसत. पण हे न बोलणं वेगळं होतं. माईनं त्यांच्याबरोबर सगळी उमर काढली होती, तिला त्यांची गप्प राहण्याची एकूण एक तऱ्हा ठाऊक होती.

"तुम्हाला माहीत होतं."

"अगं..."

"माहीत होतं का नाही?"

"इस्त्री करताना हाताला कळतंच ना," काका म्हणाले.

"कुठली इस्त्री? इथं तर माझीच असतात."

बेबीनं खाली बघितलं. आणि माईच्या ध्यानात आलं. डॉक्टरांनी काकांना चालायला सांगितलं होतं. रोज दुपारी ते चालायला जायचे आणि घामाघूम होऊन यायचे. माई त्यांना लिंबूपाणी द्यायची, म्हणायची, एवढं जोरात चालू नका या वयात. लेकीच्या घरी उभं राहून त्या शेडमधल्या मालाला इस्त्री करत होते, आणि येऊन लिंबूपाणी पीत होते.

माई खाली बसली. मग तिनं विचारलं ते आवाज न चढवता, म्हणून ते दोघं जास्तच घाबरले.

"दुकानात माझं एकही नव्हतं. मग माझी कुठं गेली? मी रोज शिवते ती?"

बेबीनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"ओळखीतल्यांना देत असशील. त्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलमधल्या नर्सला. तिला आवडतात माझी."

"आई, दुकानात ठेवून बघितली होती. पण शेजारी शेजारी ठेवली की लोक म्हणायचे, ही उलटी शिवलीत. दुकानदारानं परत केली."

"मग कुठायत?"

"माझ्या घरी. कपाटात."

"सगळी?"

"जपून ठेवलीत गं. तुला कसं सांगणार? तू एवढ्या हौसेनं शिवतेस. बाबा म्हणाले, चालू दे तिचं. बसून राहिली तर आजारी पडेल."

लहान पोर पायात पायात यायला लागलं की आई त्याच्या हातात कणकेचा गोळा देते. घे, तू पण कर. पोर मन लावून गोळा थापत बसतं, त्याला वाटतं आजचा स्वयंपाक आपणच केला. माईनं समोरच्या मशीनकडं बघितलं, कापडाच्या घड्यांकडं बघितलं, तारेवर वाळत घातलेल्या कोऱ्या कापडाकडं बघितलं. वर्षभर तिच्या हातात कणकेचा गोळा होता.

"उद्या दुकानातला सगळा माल उचलायचा," ती म्हणाली.

"तसं नाही करता येत. मी शब्द दिलाय."

"शब्द माझा होता."

"आई, तुझा शब्द, तुझी शिवण, तुझा ओठ! माझं काय आहे मग यात? मी धावले, मी दुकानं शोधली, मी लोकांच्या पाया पडले. आणि लेबलावर फोटो तुझा!"

"मग स्वतःचा लावायचा होतास! कुणी हात धरला होता?"

"माझ्या फोटोवर कोण घेईल?" बेबी ओरडली. मग पिशवी उचलून निघून गेली.

त्या दिवशी माईनं स्वयंपाक केला, वाढला, भांडी घासली. काका मागं मागं फिरत होते. "तिचंही बरोबर नाही, मी म्हणतच होतो तिला," असं काहीबाही. माईनं त्यांना एवढंच विचारलं, "लिंबूपाण्यात साखर बरोबर असायची ना?"

सकाळी ती परत दुकानात गेली. रात्रभर तिनं ठरवून ठेवलं होतं. उंबऱ्याबाहेर आवाज जायचा तो जाऊ दे. चारचौघांत सांगायचं, हा माल माझा नाही, आणि काल त्या बाईला मी जे बोलले ते खोटं होतं. आयुष्यभर नाव कमावलं, ते असं काखेत टोचायला नाही कमावलं.

दुकानात पाऊल टाकलं तोच दुकानदार लगबगीनं पुढं आला. आज थट्टा नाही. त्यानं खुर्ची ओढली, पोऱ्याला पाणी आणायला पाठवलं.

"बसा, माई. शांत बसा. सावकाश."

"मला बसायचं नाही. हा माल माझा नाही, हे सांगायला आलेय."

"हो, हो. बरोबर आहे तुमचं." तो तिच्याशी मोठ्यानं आणि एकेक शब्द सुटा करून बोलत होता. "ताईंचा फोन आला होता. सांगितलंय त्यांनी मला. घाबरू नका, कुणी न्यायला येतंय का?"

"काय सांगितलंय?"

"होतं हो या वयात. माझ्या आईचंही असंच झालं होतं. काल म्हणायची माझं, आज म्हणायची माझं नाही."

माई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग गिऱ्हाइकांकडं वळली. "ऐका, ही झबली घेऊ नका! शिवण आत आहे, बाळाला टोचते! माझ्या लेकीनं दुसरीकडून शिवून आणलीत!" एका बाईनं मायेनं तिच्या दंडाला हात लावला. दुसरीनं शेजारणीला हळूच काहीतरी सांगितलं. ओरडावं तेवढी ती वेडी ठरत होती. काल खरं लपवताना सगळ्यांनी विश्वास ठेवला, आज खरं सांगतेय तर पाणी देतायत.

तिनं पाणी घेतलं नाही. वळली आणि चालत सुटली.

घराकडं जायचं होतं, पण पाय कोपऱ्यावरच्या सलूनपाशी थांबले. या सलूनात काही बोलावं आणि ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला कळावं, असा लौकिक होता. माईनं उभ्या आयुष्यात त्या दारात पाय ठेवला नव्हता, तो आज ठेवला. बाकावरची माणसं दचकून सरकली. पहिल्या खुर्चीत गळ्याशी फडकं बांधून, गालांना पांढराशुभ्र फेस लावून काका बसले होते. घरात थांबवेना म्हणून दाढीला आले असणार. वस्तरा गालावर होता.

"हलू नका," माई म्हणाली. "कापेल."

सलूनवाला वस्तरा हातात धरून तसाच उभा राहिला. "माई? तुम्ही इकडं?"

"सांगायला आलेय. दुकानात माझ्या नावानं जी झबली मिळतात ती मी शिवलेली नाहीत. माझी लेक बाहेरून करून आणते. ह्यांना माहीत होतं. वर्षभर हे त्याला इस्त्री करत होते. आणि परवा... काल, त्या दुकानात उभी राहून मी एका पोटुशी बाईला ती चांगली आहेत म्हणून सांगितलं. मला तिला शोधायचंय."

परवा म्हणून काल म्हणाली, ते बाकावरच्या एकानं बरोबर टिपलं. त्यानं शेजाऱ्याकडं बघितलं. म्हणजे फोन एकच नव्हता झाला, किंवा एकाच फोनचे पुढं चार झाले होते.

सलूनवाला अवघडला. त्यानं आरशातून काकांना विचारलं, "काका, काय म्हणतायत ह्या?"

आता सगळं काकांवर होतं. एक 'हो' पुरे होतं. फेसातून म्हटलेलं, तोंडातल्या तोंडात म्हटलेलं, कसंही. माईनं आरशात त्यांचे डोळे शोधले. ते सापडले, क्षणभर थांबले आणि मिटले.

"घरी चल," डोळे मिटूनच काका म्हणाले. मग सलूनवाल्याला, अगदी हळू, "ऑपरेशनपासून जरा... विसरते ती हल्ली."

लेकीनं घाव घातला तेव्हा ती ओरडली होती. हा कुठं लागला तेच तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात मागचा पडदा सरकला आणि सलूनवाल्याची सून बाहेर आली, पोर कडेवर. तिनं सगळं ऐकलं होतं. सासऱ्यासमोर ती एरवी तोंड उघडत नसे.

"माझ्या पोराच्या काखेत अजून वळ आहे," ती म्हणाली. "तो काय विसरलाय का? माई, कुठली बाई म्हणता?"

"नाव नाही माहीत. सासू उंच. टोपड्यांखालनं वाकली."

"त्या होय! बेकरीच्या मागच्या बोळात. चला, मी दाखवते."

माई निघाली. दारात वळून तिनं काकांकडं बघितलं. अर्धा गाल साफ, अर्धा पांढरा.

"दुपारी चालायला जाल ते लेकीकडंच राहा," ती म्हणाली. "लिंबूपाणी तिला मागा. घरी तुमची काही इस्त्री नाही."

बोळ अरुंद होता, गरम पावाच्या वासानं भरलेला. सुनेनं दार दाखवलं नि ती जरा मागं थांबली. माईनं कडी वाजवली. आतून कुणीतरी आलं, दार हातभर उघडलं, आतली साखळी तशीच राहिली. फटीत वरच्या अंगाला उंच सासूचा डोळा दिसला.

"कोण गं?" आतून पोटुशीनं विचारलं.

"त्या दुकानातल्या माई." सासूनं आवाज खाली आणला, पण फार नाही. "सकाळी तिथं ओरडत होत्या म्हणे. तू नको येऊस पुढं."

माईनं ते ऐकलं. काल याच बाईनं मान लववली होती. तिनं दाराला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. फटीच्या जवळ तोंड नेलं, फक्त आतल्यांना ऐकू जाईल असं.

"काल मी तुझ्याशी खोटं बोलले, पोरी. ती तीन माझी नाहीत. माझ्या लेकीची अब्रू झाकायला तुझ्या बाळाचं अंग पुढं केलं मी. बाळाला घालू नकोस."



"तुम्हाला बरं नाहीय, माई," सासू म्हणाली. वाईट नाही, मायेनंच म्हणाली. "कुणी आलंय का तुमच्यासोबत?"

"ही आहे. पण तिला घरी कामं आहेत." माईनं मागं वळून सुनेला जा म्हणून खूण केली. मग गुडघ्यावर हात टेकून ती त्या दाराच्या पायरीवर बसली. "मला नाहीत. तुम्ही साखळी काढाल तेव्हा काढा."